पाचटावरचं क्षितिज

वडगाव निंबाळकरला ऊस तुटून गेला की मोकळी रानं मिळतात. माझ्या छोट्या विमानाला तेवढी जागा पुरते. पडलंच तर पाचटावर पडतं. त्याला आपला तोल आपण राखायला शिकवायचं, हा माझा उद्योग.

विमानाला 'खाली' कुठं हे कळणंच मुळात अवघड. गायरो वळण्याचा वेग सांगतो, पण त्यातली बारीक चूक साठत जाते. अ‍ॅक्सेलरोमीटरला खालची दिशा कळते म्हणावं, तर विमान नीट कलून लांब वळण घेताना त्याला विमानाचा तळच 'खाली' वाटतो. दोघांपैकी कुणाचं केव्हा ऐकायचं, यातच माझा बराचसा वेळ जातो.

एक जुनी युक्ती मला अजून आवडते. 2003 साली तुलूझला सुरू झालेल्या पापाराझी प्रकल्पात विमानांना उष्णता ओळखणारे थर्मोपाइल लावत. जमीन उबदार, आकाश थंड. डाव्या-उजव्या बाजूंच्या आकड्यांतल्या फरकावरून कल कळतो. आमच्या पर्जन्यछायेतल्या सपाट मुलखाला ती जणू बेतूनच केलेली! ढग खाली आले की मात्र फरक पुसट होतो. म्हणून उडवण्याआधी विमान हातात एक पंख जमिनीकडं, दुसरा आकाशाकडं असं धरून त्या दिवसाचा फरक मोजायचा.

सकाळच्या शांत हवेत काहीही सरळ उडतं. त्या उड्डाणावर माझा भरवसा नाही. दुपारी तुटलेलं रान तापतं, शेजारचा भिजवलेला ऊस गार राहतो, आणि मधल्या बांधावर एक पंख एकदम उचलला जातो. दुरुस्तीचा जोर, म्हणजे गेन, कमी असेल तर विमान रेंगाळत सावरतं. वाढवत नेला की पंख थरथरतात, सर्व्हो कुरकुरतात. तिथून चांगलं मागं यायचं, कारण वेग वाढला की तेवढंच वळलेलं एलरॉन, म्हणजे पंखाची हलती पट्टी, जास्त जोरानं काम करतं.

18 जून 1914 रोजी पॅरिसजवळ सीन नदीवर वैमानिक लॉरेन्स स्पेरीनं विमान चालवता चालवता हात वर केले आणि त्याचा मेकॅनिक उडत्या विमानाच्या पंखावर चढला. गायरोनं तोल सांभाळला. लोक त्यातलं धाडस बघतात, मला ती चोख चाचणी वाटते. तशाच चाचणीसाठी मी पंखाच्या टोकाला वजन चिकटवतो. विमान कललेलंच उडत राहिलं, तर साठत गेलेली चूक भरून काढणारा भाग अजून कमकुवत आहे.

परवा बांधावर हेलकावा खाऊन विमान सरळ झालं. तात्या म्हणाले, "आरं, त्ये आपलं आपण उडतंय, मग तू कशाला हुबा हाईस?" मी रिमोटच्या स्विचवरचं बोट दाखवलं. त्यांना काही ते पटलं नाही.