घड्याळाचा काटा उलटा कोण फिरवतंय?

६ डिसेंबरच्या अभिवादन कार्यक्रमात दाखवायची पाच मिनिटांची चित्रफीत तयार करण्याचं काम आमच्या पोरांनी माझ्यावर टाकलं. विषय होता 'बाबासाहेब आणि कामगार'. फोटो जमले होते, आवाज भरून झाला होता. एकच गोष्ट राहिली होती, ती म्हणजे फिरणारं घड्याळ. "दादा, बारावरचा काटा सर्रकन आठवर येऊ द्या. खाली लिहा, बाबासाहेबांनी बाराचे आठ तास केले. टाळ्या पडल्याच पाहिजेत," पोरं म्हणाली. मला वाटलं तासाभराचं काम आहे. त्यात तीन रात्री गेल्या. पण त्या तीन रात्रींत जे हाती लागलं ते आपल्या चळवळीच्या कामाचं आहे, म्हणून हा लेख.

पहिली रात्र काट्यानेच खाल्ली. तबकडी एका लेयरवर, काटा दुसऱ्या लेयरवर. काट्याला फिरायला सांगितलं की तो स्वतःच्या मध्यावर पंख्यासारखा गरगरायचा. काट्याचा अँकर पॉइंट त्याच्या बुडाशी नेऊन तबकडीच्या बरोबर मध्यावर बसवला, तेव्हा कुठे तो घड्याळाचा काटा झाला. मग हिशोब केला. तासकाटा एका तासात ३० अंश फिरतो, मिनिटकाटा पूर्ण ३६०. मला सहा सेकंदांत एक अख्खा दिवस दाखवायचा होता. सेकंदाला २५ फ्रेम म्हणजे एकूण १५० फ्रेम. तेवढ्यात मिनिटकाट्याला २४ फेऱ्या मारायच्या, म्हणजे दर फ्रेमला तो साधारण ५८ अंशांची उडी घेणार. पडद्यावर तो फिरतोय असं वाटतच नव्हतं, नुसता थरथरत होता. शेवटी मिनिटकाटा काढून टाकला. फक्त तासकाटा ठेवला आणि त्याच्यामागे निळा रंग भरत जाईल असं केलं. जेवढे तास काम तेवढा भाग निळा, उरलेला भाग पांढरा.

इथेच खरी अडचण उभी राहिली. निळा रंग कुठे थांबवायचा? कीफ्रेमला 'साधारण आठ' समजत नाही. त्याला नेमका अंश लागतो. म्हणून दुसऱ्या रात्री मी चित्रफीत बाजूला ठेवली आणि कायदे काढून बसलो.

मित्रांनो, कायदा काय सांगतो ते पाहा. १९११ च्या कायद्याने कापड गिरणीतल्या प्रौढ पुरुषाच्या दिवसावर १२ तासांची मर्यादा घातली. माझ्या तबकडीवर ते पूर्ण वर्तुळ होतं, पांढरं काहीच उरत नव्हतं. १९२२ मध्ये ११ तास आणि आठवड्याला ६० तास झाले. १९३४ च्या कायद्याने बारमाही कारखान्यांत १० तास आणि आठवड्याला ५४ तास ठरले. बाबासाहेब जुलै १९४२ पासून व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्यांच्याच कारकिर्दीत १९४६ ची दुरुस्ती झाली आणि बारमाही कारखान्यांत दिवसाला ९ तास, आठवड्याला ४८ तास ही मर्यादा आली. सहा दिवसांत ४८ म्हणजे सरासरी आठ. आपण फिरवतो तो 'आठ' इथे आहे. पण एकाच फटक्यात बाराचे आठ झाले, हे कायद्यात कुठेच नाही.

मी पोरांना हे सांगितलं तर एक जण नाराज झाला. "दादा, बाबासाहेबांचं श्रेय तुम्हीच कमी करताय." मी त्याला विचारलं, ५४ चे ४८ हे कमी आहे का? आठवड्याला सहा तास, म्हणजे महिन्याला जवळपास २४ तास माणसाला परत मिळाले. लाखो कामगारांच्या आयुष्यात दर महिन्याला एक आख्खा दिवस! याला फुगवायची गरज काय? आपल्या पोस्टमध्ये एक आकडा चुकीचा सापडला की विरोधक त्याच आकड्यावर बोट ठेवून बाकीचं सगळं खोटं ठरवतो. बाबासाहेब स्वतः सभागृहात आकडे आणि कलमं घेऊन उभे राहत. त्यांचं नाव घेऊन आपण ढोबळ बोलायचं, हे कोणतं अभिवादन? आणि या लढ्याची सुरुवात करणाऱ्यांना विसरूनही चालणार नाही. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि १८९० मध्ये कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. म्हणून आमच्या घड्याळात आता निळा रंग चार ठिकाणी थांबतो : बारा, अकरा, दहा, नऊ.

पण याच्याही आधीचं एक घड्याळ आहे. महारकी वतनाचं. तिथे तासच नव्हते. रात्री-अपरात्री हाक आली की निघायचं, सांगावा न्यायचा, सरकारी ओझं उचलायचं, आणि मोबदला म्हणून बलुतं आणि तुकडाभर जमीन. हे वतन मोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक आणलं. आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या कसबे तडवळे गावात फेब्रुवारी १९४१ मध्ये महार-मांग वतनदारांची परिषद झाली आणि बाबासाहेब तिथे आले. पुढच्याच वर्षी ते मजूर खात्यावर गेले. तडवळ्याची परिषद आपण वतनाच्या खात्यात मांडतो आणि १९४६ चा कायदा कामगारांच्या खात्यात. मला तरी हा एकच लढा दिसतो. माणसाच्या दिवसाचा मालक दुसरा कुणी असता कामा नये, एवढंच तर दोन्हीकडे मागणं आहे.

तिसऱ्या रात्री घड्याळ तयार झालं. माय शेजारी बसून बघत होती. तिने वीस-बावीस हंगाम ऊस तोडला आहे. स्क्रीनवर निळा रंग नऊवर थांबला तशी ती म्हणाली, "ही पांढरी जागा कशाची रं?"

मी म्हणालो, "ती कामगाराची स्वतःची वेळ."

"आमची कुठं होती?"

मी तिला विचारलं, फडात किती तास काम असायचं? तिला तासात सांगता येईना. चांदणी बघून उठायचं, कोपीबाहेर चूल पेटवायची, अंधारातच भाकरी बांधून निघायचं. दिवसभर तोड. मग गाडी लागेल तेव्हा डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून वर चढायचं, मग रात्रीचे दहा वाजोत नाहीतर दोन. मजुरी टनावर, तासावर नाही. हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतलेली, म्हणजे दिवस आधीच विकलेला. तिने सांगितलेला एक दिवस मी तबकडीवर भरून पाहिला. निळा रंग बारा ओलांडून पुन्हा पहिल्या तासांवर चढला. त्या तबकडीत तो दिवस मावलाच नाही. भूम, परंडा, वाशी, कळंब भागातून दरवर्षी किती जोडपी जातात ते आपण डोळ्यांनी पाहतो. माझा थोरला भाऊ आणि वहिनी आत्ता, हे लिहीत असताना, फडातच आहेत. कारखान्याच्या गेटच्या आत तासांचा कायदा आहे. त्याच कारखान्याचा ऊस तोडणाऱ्याला तो लागू नाही.

आणि आता गेटच्या आतलं घड्याळही फिरू लागलं आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतली दिवसाची मर्यादा ९ वरून १२ तासांपर्यंत नेणाऱ्या दुरुस्तीला मान्यता दिली. सांगितलं जातं की आठवड्याचे ४८ तास कायम आहेत, जादा कामाला दुप्पट मजुरी आहे, कामगाराची लेखी संमती लागणार आहे. पण त्याच दुरुस्तीत जादा कामाची मर्यादा तीन महिन्यांत ११५ तासांवरून १४४ वर नेली आहे, ती कशासाठी? आणि संमतीचं म्हणाल, तर कंत्राटी कामगार सही करणार नाही म्हणून किती दिवस टिकेल? संमती काय असते ते उचल घेतलेल्या माणसाला विचारा. अंगठा त्याचाच असतो.

म्हणून चित्रफितीचा शेवट बदलला. काटा बारावरून अकरा, दहा, नऊवर येतो. यायला ३५ वर्षं लागली, म्हणून तिथे गती संथ ठेवली आहे. नऊवर क्षणभर थांबतो आणि मग एका फटक्यात पुन्हा बारावर जातो. पांढरी जागा नाहीशी होते. त्यानंतर पाच सेकंद पडद्यावर रिकामी तबकडी राहते, तिला काटाही नाही. ती माझ्या मायची, भावाची, वहिनीची.

तिथे टाळ्या पडणार नाहीत हे पोरांनाही कळलं आहे. पण कार्यक्रम संपल्यावर एकही ऊसतोड कामगार उठून म्हणाला की आमचे तास कोण मोजणार, तर तीन रात्री सार्थकी लागल्या असं मी समजेन. कामाच्या तासांची नोंद आणि त्यांची मर्यादा फडातही लागू झाली पाहिजे, ही मागणी आपणच उचलायची आहे. जयंतीच्या डीजेला जेवढी वर्गणी निघते, तेवढी तरी ताकद या मागणीमागे लावू या.

जय भीम!