रेशनकार्डावर नसलेली आमच्या घरची माणसं



आमच्या घरात काही माणसं अशी राहतात, ज्यांची नावं रेशनकार्डावर नाहीत. मुलगा एखाद्या दाखल्यासाठी तिसरा हेलपाटा घालून रिकाम्या हातानं परत आला, की सासूबाई म्हणतात, "आला आमचा मुसद्दीलाल." धाकटे दीर सोसायटीचे नियम वाचून दाखवू लागले, की त्यांचे भिडे मास्तर होतात. आणि मी कपाटातल्या जपून ठेवलेल्या कपबश्या काढल्या, की मुलगी हळूच विचारते, "आज माया साराभाई येणार आहेत का?" विनोदी मालिकांतली ही माणसं आपल्या बोलण्यात कधी येऊन बसली, कळलंच नाही. अशाच एका नावावरून मध्यंतरी आमच्याकडे जरा गंभीर बोलणंही झालं. ते पुढे सांगतेच.

माझं लहानपण पुण्यातलं. तेव्हा मुंबई दूरदर्शन ही एकच वाहिनी, आणि वाड्यात टीव्ही एकाच घरी. चिं. वि. जोशींचे चिमणराव तिथेच भेटले. दिलीप प्रभावळकरांचे भित्रे चिमणराव आणि बाळ कर्वेंचा आडदांड गुंड्याभाऊ. दोघे निघाले की काहीतरी फजिती होणार, हे आम्हा मुलांनाही आधीच ठाऊक असायचं. मग १९८४ मध्ये 'ये जो है जिंदगी' आली. शरद जोशींचं लेखन, शफी इनामदार आणि स्वरूप संपत नवरा-बायको, राकेश बेदी तिचा भाऊ. सतीश शाह तर प्रत्येक भागात वेगळंच माणूस होऊन यायचे. आज ते कोण होणार, यावर आम्ही भावंडं पैजा लावायचो. पैज म्हणजे काय, तर हरणाऱ्यानं दुसऱ्या दिवशी दूध आणायचं.

१९९५ मध्ये लग्न होऊन मी सांगलीला आले. सासरी सूर्यास्ताआधी जेवणं उरकायची पद्धत. या पद्धतीचा एक फायदा मला कोणी सांगितला नव्हता. संध्याकाळीच ओटा पुसून व्हायचा आणि रात्रीच्या मालिका बघायला सासू-सून दोघीही मोकळ्या! 'तू तू मैं मैं' आम्ही शेजारी शेजारी बसून बघितली. रीमा लागूंची देवकी आणि सुप्रिया पिळगावकरांची राधा. एकीनं डाव टाकायचा, दुसरीनं उलटवायचा आणि मधल्यामध्ये मुलाचं भरीत. सासूबाई देवकीला हसायच्या, मी राधाला. नव्या घरात दुसऱ्या बाजूच्या बाईला हसण्याइतकी आमची ओळख अजून झाली नव्हती. पण एकदा देवकीचा एक टोमणा ऐकून सासूबाईंनी टीव्हीवरची नजर न काढता विचारलं, "मी असं बोलते का गं?" मी म्हटलं, "कधी कधी." थोडा वेळ कोणीच बोललं नाही. मग त्या जोरात हसल्या. एरवी हा प्रश्न त्यांनी विचारला नसता आणि मी हे उत्तर दिलं नसतं.

गंमत बघा, त्याच काळात रीमाताई 'श्रीमान श्रीमती'मध्ये कोकिळा कुलकर्णी होत्या. केशवरावांचे, म्हणजे जतीन कणाकियांचे, सगळे उद्योग निमूट बघणारी साधी गृहिणी. एकाच वेळी इतकी खट सासू आणि इतकी सरळ बायको! २०१७ मध्ये त्या गेल्या, तेव्हा सासूबाईंना दिवसभर चैन पडलं नाही. घरातलं कोणी गेल्यासारखं त्या बोलत होत्या.

'हम पांच' आमच्या अण्णांची, म्हणजे सासऱ्यांची आवडती. पाच मुलींचा बाप आनंद माथुर, म्हणजे आपले अशोक सराफ. एका मुलीच्या भूमिकेत विद्या बालन होती, हे आज मुलांना सांगितलं तर खरं वाटत नाही. त्यात माथुरच्या दिवंगत पहिल्या बायकोचा फोटो भिंतीवर असतो आणि तो फोटो त्याच्याशी बोलतो, चांगला झापतो. फोटोतल्या त्या प्रिया तेंडुलकर. अण्णा म्हणायचे, "मी गेल्यावर असा फोटोतून लक्ष ठेवणार आहे."

२००४ मध्ये अण्णा गेले. फोटो लागला. काही महिन्यांनी मी सकाळी खोलीत गेले, तर सासूबाई फोटोसमोर उभ्या राहून वीजबिलाचा आकडा सांगत होत्या. मला बघून म्हणाल्या, "माझा आनंद माथुर झाला गं. फक्त हा फोटो उत्तर देत नाही." अण्णा गेल्यानंतर त्या तेव्हा पहिल्यांदा हसल्या, आणि मग आम्ही दोघीही रडलो.

आता तो गंभीर विषय. 'खिचडी' तुम्ही सगळ्यांनीच पाहिली असेल. २००२ मध्ये सुरू झाली. बाबूजी, प्रफुल, हंसा आणि जयश्री. हंसा, म्हणजे सुप्रिया पाठक, कामाच्या नावानं शून्य. तिला इंग्रजी शब्द अडतो, ती प्रफुलला अर्थ विचारते, आणि प्रफुल त्या शब्दाची मोडतोड करून भलताच अर्थ मोठ्या आत्मविश्वासानं सांगतो. अजूनही यूट्यूबवर बघताना हसू आवरत नाही.

माझ्या नात्यातली एक मुलगी, नाव सांगत नाही, लग्न होऊन मोठ्या शहरात गेली. शिक्षण मराठी माध्यमातलं. सासरी सगळे इंग्रजी मिसळून बोलणारे. एकदोनदा तिनं शब्दाचा अर्थ विचारला आणि जेवणाच्या टेबलावर तिचं नाव पडलं, हंसा. पुढे तिनं काहीही विचारलं की हशा. मग तिनं विचारणंच सोडलं. दिवाळीला आली, तेव्हा तिनं हे आम्हाला गंमत म्हणूनच सांगितलं. आम्ही थोडं हसलोही. सासूबाई हसल्या नाहीत.

त्या म्हणाल्या, "अगं, हंसाला तिच्या घरात कुणी विचारायची लाज वाटू देत नाही. ती विचारते आणि प्रफुल हातातलं सोडून तिला सांगतो. चुकीचं सांगतो, पण सांगतो. तुला त्यांनी हंसा केलं, ठीक. मग प्रफुल कोण झालाय?"

पोरगी गप्प झाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्या टेबलाशी आपण किती दिवस न बोलता जेवतो, हे तिनं तेव्हा सांगितलं.

मी ही मालिका इतक्या वेळा पाहिली, पण हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. प्रफुल स्वतः दिवसभर बाबूजींकडून गाढव म्हणवून घेतो, पण हंसाला कधी खाली बघायला लावत नाही. मग मी इतर मालिका आठवून पाहिल्या. 'साराभाई'मधली माया मोनिशाला मिडल क्लास म्हणून किती गोड शब्दांत टोचते! पण इंद्रवदन लगेच सुनेच्या बाजूनं उभा राहतो, आणि मोनिशा आपली काटकसर तसूभरही सोडत नाही. प्रभावळकरांच्या 'अनुदिनी'वरून आलेल्या 'श्रीयुत गंगाधर टिपरे'मध्ये आबांची चेष्टा होते, पण आबांना घरात जागा आहे, आणि नातवंडांना त्यांच्याशिवाय करमत नाही. 'तारक मेहता'त जेठालालला बापूजी सगळ्यांदेखत ओरडतात, पण तो अडचणीत आला की सगळी गोकुळधाम सोसायटी धावते. ज्याच्यावर हसायचं, त्याच्या बाजूनं कोणीतरी उभं असतं, म्हणून ते हसणं बोचत नाही. शिवाय मालिकेत भाग संपला की सगळे होते तिथे परत येतात, टोमण्याचा वळ राहत नाही. आपल्या घरात तो राहतो.

तर त्या मुलीनं सासरी जाऊन तो प्रश्न विचारला. टेबलावर पुन्हा "हंसा" झालं, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "मी हंसा, तर प्रफुल कोण?" सासरे हसले, सासूबाई काही बोलल्या नाहीत. नवऱ्यानं मात्र त्या दिवसापासून शेजारी बसून हळू आवाजात अर्थ सांगायला सुरुवात केली आहे. "अर्थ बहुतेक वेळा बरोबर असतो," असं तिनं फोनवर सांगितलं. हंसा म्हणणं पूर्ण थांबलेलं नाही. पण आता ती पुन्हा विचारते, आणि टेबलावर बोलतेही.

तुमच्या घरात कोणाला कोणतं नाव पडलं आहे, ते जरूर कळवा. आणि ज्याला ते पडलंय, तो माणूसही तुमच्याबरोबर हसतोय ना, तेवढं एकदा त्याच्या चेहऱ्याकडे बघून घ्या. सासूबाईंनी निरोप दिलाय, 'चिमणराव'चे जुने भाग कोणाकडे असतील तर सांगा म्हणून.