सोनं सापडलं म्हणताय, मग सायनाइडचा हिशोब कोण ठेवणार?

मंडळी, पोस्ट जरा लांब आहे. चहा घेऊन बसा, पण शेवटपर्यंत वाचा. शेवटी प्रत्येकाला करता येईल असं एक छोटं काम सांगितलंय.

महाराष्ट्रात सोन्याच्या खाणी निघणार, हा मेसेज दर दोन-चार महिन्यांनी आपल्या ग्रुपवर फिरतो. त्यात अगदीच तथ्य नाही असं नाही. २०२२ च्या अखेरीस तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी चंद्रपूर आणि सिंधुदुर्गात सोन्याचे ब्लॉक असल्याचं जाहीरपणे सांगितलं होतं. ब्लॉक म्हणजे लगेच खाण नव्हे, मध्ये बरीच वर्षं आणि बरेच कागद असतात. पण मेसेजखालच्या कमेंट बघा: "आता भाव उतरणार", "महाराष्ट्र मालामाल". ते सोनं दगडातून सुटतं कसं, हे कोणीच विचारत नाही.

सुटतं सायनाइडने.

मी हे छातीठोक सांगतो, कारण माझी बारा वर्षं प्लेटिंगच्या धंद्यात गेली. खाणीत नाही, आपल्या नाशिकच्याच एका औद्योगिक वसाहतीत. सायनाइडचा ड्रम, त्याचं कुलूप, त्याची चावी कोणाकडे, हे सगळं जवळून पाहिलंय. म्हणून ना घाबरवायला लिहितोय, ना "काही होत नाही हो" म्हणायला.

आधी खाणीचं गणित. टनभर दगडात दोन ग्रॅम सोनं निघालं तरी आज ती खाण चालते. म्हणजे दहा ग्रॅमच्या एका अंगठीसाठी पाच टन दगड फोडायचा, त्याचं पीठ करायचं, पाण्यात कालवायचं आणि त्यात सोडियम सायनाइडचं अगदी पातळ द्रावण टाकायचं. हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने सायनाइड सोन्याला पाण्यात विरघळवतं. मग कोळशाने किंवा जस्ताच्या भुकटीने ते सोनं परत पकडायचं. ही पद्धत १८८७ साली ग्लासगोमध्ये मॅकआर्थर आणि फॉरेस्ट बंधूंनी पेटंट केली. सव्वाशे वर्षांहून जास्त झाली, तरी एवढ्या कमी सोन्याच्या दगडासाठी एवढं स्वस्त दुसरं काही जगाला सापडलेलं नाही. टनाला अर्धा किलो सायनाइड धरलं तर त्या एका अंगठीमागे अडीच किलो. आणि अंगठी गेल्यावर पाच टन ओला चिखल मागे उरतो.

तो चिखल कुठे जातो? आपल्या शेजारचीच दोन ठिकाणं सांगतो.

रायचूर जिल्ह्यातलं हट्टी. १९५६ पर्यंत रायचूर आणि आपला मराठवाडा एकाच हैदराबाद राज्यात होते, म्हणजे एका अर्थी घरचंच. ती खाण आजही चालू आहे, कर्नाटक सरकारची कंपनी चालवते. दुसरं कोलार. तिथली खाण २८ फेब्रुवारी २००१ ला बंद झाली. माणसं बेकार झाली, वसाहती ओस पडल्या, पण मातीचे डोंगर तिथेच राहिले. तीन कोटी टनांहून जास्त माल. लोक त्यांना आजही सायनाइडचे डोंगर म्हणतात. खरं तर ऊन, हवा आणि वर्षं मिळाली की सायनाइड स्वतः बऱ्यापैकी मोडून जातं. मागे राहते ती बारीक धूळ आणि दगडातून मोकळे झालेले धातू. वारा सुटला की ती धूळ घराघरांत. म्हणजे विष संपलं तरी उकिरडा संपत नाही, आणि तो झाकायचे पैसे कंपनी चालू असतानाच बाजूला काढलेले नसतील तर नंतर कोणाच्याच खिशातून निघत नाहीत.

आता पाण्याची गोष्ट, कारण आपण ओझरकर पाण्याच्या भाषेत विचार करतो.

३० जानेवारी २०००. रोमानियातलं बाया मारे. सोन्याच्या प्रकल्पाच्या गाळाच्या तलावाचा बांध बर्फ वितळल्याने आणि पावसाने फुटला. बाहेर आलं सुमारे एक लाख घनमीटर सायनाइडचं पाणी. आपल्या धरणांच्या भाषेत साधारण साडेतीन दशलक्ष घनफूट. गंगापूर धरण साडेपाच हजार दशलक्ष घनफुटांच्या वरचं, म्हणजे त्यापुढे हे डबकंच. पण त्या डबक्याने हंगेरीतल्या तिसा नदीतले मासे टनावारी मारले आणि पाणी पुढे डॅन्यूबपर्यंत गेलं. त्यानंतर जगातल्या खाणवाल्यांनी आणि संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागाने बसून सायनाइड हाताळण्याची आंतरराष्ट्रीय आचारसंहिता तयार केली. ती ऐच्छिक आहे. पण तिच्यात जे सांगितलंय ते एखाद्या जुन्या प्लेटिंग ऑपरेटरलाही पटेल.

काय सांगितलंय? माझ्या भाषेत सांगतो.

एक, पीएच खाली येऊ द्यायचा नाही. सायनाइड चुन्याच्या पाण्यात, पीएच दहाच्या वर असेल तर पाण्यातच राहतं. त्यात आम्ल पडलं की हायड्रोजन सायनाइड वायू सुटतो. तो साधारण २६ अंशांना उकळतो, म्हणजे आपल्याकडे फेब्रुवारीची दुपारही पुरे. त्याला कडू बदामाचा वास असतो म्हणतात, पण अनेकांना तो वास येतच नाही. त्यामुळे "वास आला तर पळू" हा भरवसा खोटा.

दोन, पाण्याचा ताळेबंद. तलावात किती येतं, किती परत वापरतो आणि सर्वांत जास्त पावसाच्या वर्षी किती जागा शिल्लक राहते. रायचूरला पाऊस बेताचा. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटर आणि वर. हट्टीचा नकाशा उचलून कोकणात ठेवला तर चालणार नाही, हे सांगायला इंजिनीअर लागत नाही.

तीन, तलावात सोडण्याआधी सायनाइड मोडायचं. सल्फर डायऑक्साइड आणि हवा, हायड्रोजन पेरॉक्साइड, किंवा प्लेटिंगमध्ये वापरतो तसं हायपोक्लोराइट. पद्धती जुन्या आहेत, माहितीच्या आहेत, फक्त रोज खर्च करावा लागतो.

चार, नोंद. आलं किती, वापरलं किती, मोडलं किती, गेलं किती.

सायनाइड आटोक्यात ठेवता येतं, हे मी अनुभवाने सांगतो. ते सुटतं तेव्हा बहुतेक वेळा या चारपैकी एक गोष्ट कोणीतरी पैसे वाचवायला सोडलेली असते.

आता सिंधुदुर्ग-चंद्रपूर राहू द्या, आपल्या दारात येऊ.

१९६४ साली मिग विमानांसाठी एचएएलचा कारखाना ओझरला आला. सातपूर, अंबडच्या वसाहती वाढल्या. सुटे भाग आले की गंज रोखायला प्लेटिंग आलं. जस्त, तांबं, चांदी, कॅडमियम. यातल्या कित्येक जुन्या पद्धती सायनाइडच्या बाथवर चालतात. एक ग्रॅम सोन्याचे म्हणून जे दागिने आपण लग्नात घालतो, त्यांच्यावरचा मुलामाही बहुतेक वेळा सायनाइडच्याच द्रावणातून चढतो. म्हणजे सोन्याची खाण इथे नसली तरी सोन्याचं सायनाइड इथे आहे, आणि जस्ता-तांब्याचं त्याहून जास्त.

मी काम करायचो त्या शॉपमध्ये पिकलिंगच्या आम्लाची नाली आणि सायनाइड बाथची नाली एकाच खड्ड्यात उतरायची. कागदावर दोन वेगळ्या दाखवलेल्या. एका पावसाळ्यात आम्लाची टाकी भरून वाहिली. आमचे एक जुने ऑपरेटर होते, शिक्षण सातवी. त्यांनी कोणाला विचारलं नाही, शटर वर केलं आणि "सगळे बाहेर, वाऱ्याच्या उलट्या बाजूला" एवढंच ओरडले. दोघांना चक्कर आली, दवाखान्यात ऑक्सिजन लावावा लागला, वाचले. दुसऱ्या दिवशी काम सुरू. नाली वेगळी झाली ती आठ महिन्यांनी, एका मोठ्या गिऱ्हाइकाचं ऑडिट येणार होतं म्हणून. दोन माणसं पडली तेव्हा निघाला नाही तो पाइपचा खर्च ऑडिट म्हटल्यावर एका आठवड्यात निघाला. बाहेरून कोणी बघतंय म्हटलं की आत काम होतं, हे मी तिथे शिकलो.

आता हे गणित नीट बघा. २०० लिटरचा एक ड्रम. त्यात जुना, टाकून द्यायचा बाथ, लिटरला २० ग्रॅम सायनाइड धरा. म्हणजे ड्रममध्ये चार किलो. आपल्याकडे नदीनाल्यात सोडायच्या सांडपाण्यात सायनाइडची मर्यादा लिटरला ०.२ मिलिग्रॅम आहे. नुसतं पाणी ओतून तो एक ड्रम त्या मर्यादेत आणायचा तर दोन कोटी लिटर पाणी लागेल. दहा हजार लिटरचे दोन हजार टँकर. पिण्याच्या पाण्याची मर्यादा ०.०५, तिथे आठ हजार टँकर. म्हणून "पावसात सोडलं तर वाहून जातं" हे वाक्य कुठे ऐकलंत तर हा हिशोब तोंडावर मारा.

नियमाने तो ड्रम ९० दिवसांच्या वर कारखान्यात ठेवता येत नाही. तो मॅनिफेस्टच्या कागदासह तळोजा, रांजणगाव किंवा बुटीबोरीसारख्या अधिकृत ठिकाणी जायला हवा. त्याला पैसे पडतात. रात्री नाल्याला फुकट जातो.

नाला कुठे जातो तेही आपल्याला माहीत आहे. नाशिकचं पाणी गोदावरीतून खाली आपल्या निफाड तालुक्यात येतं, नांदूरमध्यमेश्वरला थांबतं. २०२० साली त्याला रामसरचा दर्जा मिळाला, महाराष्ट्रातलं पहिलं. आपण पक्षी बघायला पाहुण्यांना तिथे नेतो. सिंहस्थासाठी घाट आणि रस्ते होतायत, चांगलंच आहे. पण डुबकी घाटात नाही, पाण्यात मारायची असते.

मग करायचं काय? "सरकारने लक्ष द्यावं" हे वाक्य मी लिहिणार नाही, त्याने आजवर काही झालेलं नाही.

ओझरने एकदा एक गोष्ट करून दाखवलीय. वाघाडच्या कालव्याचं पाणी शेपटाला पोचत नव्हतं. बापू उपाध्ये, भरत कावळे आणि समाज परिवर्तन केंद्राच्या मंडळींनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला पाणी वापर संस्था उभ्या केल्या. त्याचं मर्म काय होतं? पाणी मोजून घ्यायचं, मोजून द्यायचं आणि आकडा सगळ्यांना दिसला पाहिजे. पाटकरी आणि शेतकरी यांची भांडणं भाषणांनी मिटली नाहीत, दोघांनी एकाच मोजमापावर विश्वास ठेवला तेव्हा मिटली. पाण्यासाठी जे केलं तेच विषासाठी करायचंय. नवं काही शोधायला नको.

त्यासाठी हत्यारंही आहेत. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००३ मध्ये सांगितलंय की घातक रसायनं हाताळणाऱ्या कारखान्याने गेटबाहेर फलक लावायचा: कोणती रसायनं, किती, सांडपाणी किती, घातक कचरा किती. भोपाळनंतर तेव्हाच्या कारखाने कायद्यात कलम ४१-ब आलं होतं. घातक प्रक्रियेच्या कारखान्याने धोके आणि ते टाळायची व्यवस्था कामगारांना, स्थानिक संस्थेला आणि आसपासच्या जनतेला सांगायची असते. सांगायची, म्हणजे आपण विचारल्यावर उपकार म्हणून नव्हे.

कारखानदार मित्रांनाही एक सांगतो. सगळे चोर नाहीत, कित्येकांनी सायनाइड सोडून क्षारीय जस्ताचे बाथ केव्हाच लावलेत, काही झिंक-निकेलकडे गेलेत. त्यांचा खर्च जास्त, आणि शेजारचा रात्री ड्रम ओतून स्वस्तात काम उचलतो. फलक खरा असेल तर फायदा आधी या प्रामाणिक माणसांचाच आहे.

आणि उद्या चंद्रपूर-सिंधुदुर्गात जनसुनावणी लागलीच, तर तिथल्या आपल्या नातेवाइकांना चार प्रश्न पाठवून ठेवा. गाळाचा तलाव कुठे आणि खाली अस्तर कसलं? सर्वांत जास्त पावसाच्या वर्षाचा ताळेबंद कुठाय? सायनाइड तलावाआधी मोडणार की नंतर? खाण बंद झाल्यावरचे पैसे आजच कुठल्या खात्यात? उत्तर मिळालं तर विरोधासाठी विरोध नको. नाही मिळालं तर सोनं कितीही असो, सही नको.

आता ते छोटं काम. या आठवड्यात कामावर जाता-येता तुमच्या वाटेवरच्या कारखान्याच्या गेटवर फलक आहे का बघा. असला तर तारीख वाचा. कित्येक ठिकाणी आकडा जुना आणि रंग नवा असतो. रस्त्यावर उभं राहून फोटो काढा, कोणाशी हुज्जत नको. नाल्याकडेला बेवारस ड्रम दिसला तर हात लावू नका, हुंगू नका, वरच्या वाऱ्याला उभं राहून ११२ ला कळवा.

फोटो कमेंटमध्ये टाका, गाव आणि तारीख लिहा. पंचवीस जमले की यादी करून प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नाशिकच्या कार्यालयात मी स्वतः देऊन येतो आणि पोचपावती इथे टाकतो. ज्यांना सोबत यायचंय त्यांनी सांगा, गाडीत चार जागा आहेत.