फणस, सोलर आणि दोन बादल्या

आमच्या घराच्या आग्नेय कोपऱ्यात एक फणस आहे. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, जांबोटीहून माहेरची आठळी आणून लावलेला. ह्यांच्या जन्माच्या वर्षी लावला, म्हणजे झाडही आता साठीकडे झुकलंय. मागच्या दिवाळीत त्याच फणसावर कुऱ्हाड चालवायला मी निघाले होते, आणि तेही पर्यावरणासाठी! आज कबूल करायला हरकत नाही.

झालं असं, की ऐन थंडीच्या तोंडावर घरचा गीझर बंद पडला. लेक सुट्टीला आली होती. ती म्हणाली, "आई, आता नवा विजेचा गीझर नको. सोलर बसवू या." मलाही पटलं. कर्नाटकात नव्या घरांवर सोलर गीझर बंधनकारक करणारा आदेश २००७ सालीच निघाला. आमचं अनगोळचं घर जुनं, म्हणून आम्ही सुटलो होतो एवढंच.

सोलरवाला आला, गच्चीवर चढला, फणसाकडे बघून मान हलवली. "वहिनी, पॅनेलचं तोंड दक्षिणेला लागतं. थंडीत सूर्य दक्षिणेकडे कलतो, आणि या झाडाची सावली अकरापर्यंत गच्चीवरून हलत नाही. झाड काढा, पाणी कढत मिळेल."

मी लगेच लाकूडतोड्याला निरोप धाडला. तोही आला, बुंध्याला हात लावून म्हणाला, "लाकूड चांगलं पिवळं निघेल. दाराच्या चौकटी होतील." आत्याबाई झाडाखालच्या कट्ट्यावर वाती वळत बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं. बोलल्या काहीच नाहीत. रात्री मात्र भूक नाही म्हणून ताटावरून उठल्या.

लेक हिशेबाची पक्की. ती कागद घेऊन बसली. शंभर लिटर पाणी तीस अंशांनी तापवायला साडेतीन युनिट वीज लागते. देशभराची सरासरी धरली, तर एका युनिटमागे सुमारे सातशे ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे रोजचा जवळजवळ अडीच किलो. पावसाळा आणि ढगाळ दिवस वगळून वर्षाचे अडीचशे दिवस धरले, तरी सहाशे किलो वाचतो. एक मोठं झाड वर्षाला ढोबळमानानं वीस-पंचवीस किलो शोषतं म्हणतात. "म्हणजे हिशेबानं सोलर जिंकला," ती म्हणाली. पण तिचाही आवाज खालीच होता. त्या फणसाला बांधलेल्या झोक्यावरच ती मोठी झाली.

मी मनात म्हटलं, चला, आकड्यांनी आपली सुटका केली. तेवढ्यात आतल्या खोलीतून आत्याबाईंचा आवाज आला. "अगं, पण शंभर लिटर पाणी लागतंय कुणाला? चार तर माणसं आपण."

मी १९९४ साली लग्न होऊन या घरात आले, तेव्हा न्हाणीघरात तांब्याचा बंब होता. खानापूरकडची जळाऊ लाकडं वखारीतून यायची. पावसाळ्यात ती ओली निघायची, मग शेणी घाला, भुसा घाला. पहाटे पाचला आत्याबाई डोळे चोळत बंब पेटवायच्या. घरात सात माणसं. माणशी एक बादली, न्हायच्या दिवशी बायकांना दीड. त्यापेक्षा जास्त कुणी मागत नसे, कारण लाकूड कुणी आणलं, कुणी फोडलं आणि धूर कुणी खाल्ला हे सगळ्यांना दिसत होतं. बंब परत आणा असं माझं बिलकूल म्हणणं नाही. त्या धुरानं आत्याबाईंच्या डोळ्यांचं काय केलं ते मी पाहिलंय, आणि जांबोटीचं रान त्या वखारींनी कसं विरळ केलं ते त्यांनी स्वतः पाहिलंय.

२००१ साली गीझर आला. बटण दाबलं की पाणी. धूर घरातून गेला, तो रायचूरच्या औष्णिक केंद्राच्या धुराड्यात गेला. आपल्या तारांत शरावतीच्या पाण्याची वीज असते, कैगाच्या अणुभट्टीची असते, आता पावगडच्या सोलर पार्कचीही असते. पण कोळसाही आहेच. तो आपल्या डोळ्यांसमोर जळत नाही, एवढाच फरक. आणि न दिसणाऱ्या गोष्टीची काटकसर कोण करतं?

दुसऱ्या दिवशी लेकीनं शॉवरखाली वीस लिटरची बादली धरली. अडीच मिनिटांत भरली. तिची अंघोळ दहा मिनिटांची, म्हणजे ऐंशी लिटर. "आज्जी, मी एकटी चार बादल्या घेते!" असं ओरडतच ती बाहेर आली. मग आम्ही चौघांनी आठवडाभर बादलीनं अंघोळ केली. निम्मं गरम, निम्मं विसण. ह्यांनी दोन दिवस कुरकुर केली, नंतर तीही थांबली. चौघांना मिळून गरम पाणी लागलं पन्नास लिटरच्या आतच. जुन्या भाषेत सांगायचं, तर अडीच बादल्या. आत्याबाईंचं म्हणणं, अजून नीट बघितलं तर दोनच.

मी सोलरवाल्याला परत बोलावलं. "अकरा ते साडेचार एवढं ऊन पुरलं तर?" तो म्हणाला, "पाणी कढत नाही होणार, पण चांगलं गरम होईल. टाकीला जाड वेष्टन असतं. संध्याकाळचं पाणी सकाळपर्यंत टिकतं." मग हे आधी का नाही सांगितलंत, असं विचारल्यावर हसून म्हणाला, "वहिनी, तुम्ही विचारलं नव्हतं." खरंच होतं ते.

पॅनेल गच्चीच्या पश्चिम कोपऱ्यात बसलं. फणसाची एक फांदी तेवढी उतरवली. आत्याबाईंनी स्वतः दाखवली ती. जुलै-ऑगस्टात बेळगावचा पाऊस सूर्य दाखवत नाही, तेव्हा टाकीतली विजेची कॉइल लावतो. ते महिने विजेचे, हे मान्यच करायचं.

हे एवढंसं लिहायचं कारण आहे. २०१९ च्या ऑगस्टात आपल्या जिल्ह्यात कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा एकदम फुगल्या आणि लोकांचे संसार वाहून गेले. २०२३ साली त्याच शिवारात दुष्काळ. २०२४ हे साल कारखान्यांचं युग येण्यापूर्वीच्या मानानं जगभराच्या सरासरीत दीड अंशाहून जास्त तापलं. आमच्या घरात लग्नाच्या वेळी एकच पंखा होता, तोही पाहुण्यांसाठी. आता चार आहेत. अशा वेळी कोळसा सोडून उन्हाकडे, वाऱ्याकडे वळायलाच हवं, यात वाद नाही. पण उन्हालाही जागा लागते, आणि त्या जागेवर कुणाचा तरी फणस उभा असतो. लाकूड, वीज, सोलर असं दोनदा आम्ही साधन बदललं. मधल्या काळात एका बादलीच्या चार झाल्या, तिकडे मात्र कुणाचं लक्ष गेलं नाही.

या उन्हाळ्यात फणस नेहमीसारखा लगडला. आत्याबाईंनी पोळी घातली ती गच्चीवर, पॅनेलच्या शेजारीच. म्हणाल्या, "इथं ऊन चांगलं लागतंय गं."