अपवाद आणि नियम

‘अपवादाने नियम सिद्ध होतो’ हे वचन राज्य शासनाच्या सेवेत असताना मी कितीदा ऐकले असेल, त्याची गणती नाही. नियमात न बसणारे प्रकरण समोर आले की हे वचन उच्चारावे आणि नस्ती बंद करावी, अशी जणू रीतच होती. निवृत्तीनंतर मानपुरात शेजारची मुले संध्याकाळी गणिते घेऊन येऊ लागली, तेव्हा या वचनातील पोकळपणा मला स्पष्ट दिसू लागला.

मुले ठामपणे सांगतात, ‘वर्ग केला की संख्या वाढते.’ दोनाचे चार, तिनाचे नऊ. मी विचारतो, ‘अर्ध्याचा वर्ग?’ पाव! घन त्याहूनही लहान, एक अष्टमांश. दुसरा आवडता नियम असा, की बेरजेचे वर्गमूळ म्हणजे वर्गमुळांची बेरीज. ९ आणि १६ घ्यावेत. मुळांची बेरीज ७ होते; पण २५ चे मूळ ५.

देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संख्या या बाबतीत मोठ्या उद्बोधक आहेत. ४५ चा वर्ग २०२५; २० आणि २५ मिळून पुन्हा ४५. ५५ चा वर्ग ३०२५. ३० आणि २५ मिळून ५५. शेवटी पाच असला की असे होत असावे, असा मोह पडतो. परंतु ६५ चा वर्ग ४२२५, आणि बेरीज ६७! उलट ९, ९९, ९९९ ही रांग कितीही लांबवली तरी टिकते. ९९ चा वर्ग ९८०१. ९८ आणि १ मिळून ९९. तिला उदाहरणांच्या गर्दीचा नव्हे, सिद्धतेचा आधार आहे.

गणितात अपवाद नियमाला सिद्ध करीत नाही. तो नियमाची सीमा दाखवतो. ‘एकाहून मोठ्या संख्येचा वर्ग तिच्याहून मोठा असतो’, हे शहाणपण अर्ध्यानेच दिले.

जन्माचा दाखला नसलेल्या एका वृद्धेचा अर्ज याच वचनाच्या आधारे परत गेलेला मी पाहिला आहे. तिचे वय खोटे नव्हते. नियमाचे शब्द अपुरे होते. म्हणूनच मुलांना मी सांगतो, वहीत नियम लिहिला की त्याखाली एक ओळ कोरी सोडावी. हा नियम कोणाला लागू पडत नाही, ते तिथे लिहायचे.