वेळूच्या सहा कांबी

न्यूयॉर्क म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे आभाळाला टेकलेल्या इमारती उभ्या राहतात. पण त्याच नावाचे एक मोठे राज्य आहे, आणि शहरापासून मोटारीने दोन-अडीच तास वायव्येला गेले की कॅटस्किलचे डोंगर लागतात. आपल्या सह्याद्रीपेक्षा थोडे ठेंगणे, माथ्याला गोलसर, अंगभर झाडी. खोऱ्याखोऱ्यांतून थंड पाण्याच्या उथळ, खडकाळ नद्या वाहतात. त्यांची नावे बीव्हरकिल, विलोविमॉक, नेव्हरसिंक, ईसोपस अशी. रॉस्को नावाच्या लहानशा गावी बीव्हरकिल आणि विलोविमॉक यांचा संगम आहे. आपल्याकडे संगमावर घाट असतो, देऊळ असते. इथे कमरेएवढ्या पाण्यात रबरी तुमानी चढवून माणसे तास तास गळ टाकून उभी असतात.

माझा पुतण्या न्यू जर्सीत नोकरीला आहे. त्याच्याकडे गेलो असताना ऑक्टोबरातल्या एका सुटीला त्याने मला इकडे आणले. झाडांची पाने लाल-पिवळी झाली होती. पण माझे लक्ष रस्त्याकडेच्या गोठ्यांकडे होते. लाकडी, दुमजली, प्रशस्त गोठे, आणि निम्म्याअधिक रिकामे. हा एके काळी दूधदुभत्याचा मुलूख. लहान गोठेवाल्याला परवडेना, मुले शहरात गेली, गायी विकल्या गेल्या. हे ऐकताना मी परदेशात आहे असे वाटेना.

या डोंगरांनी बरेच सोसले आहे. एकोणिसाव्या शतकात इथे कातडी कमावण्याचे कारखाने निघाले आणि सालीसाठी हेमलॉकची झाडे सरसकट पाडली गेली. पुढे न्यूयॉर्क शहराला पाणी हवे म्हणून धरणे बांधली. पेपॅक्टनच्या धरणात १९५० नंतरच्या दशकात चार गावे बुडाली. नेव्हरसिंकवरही धरण झाले. थिओडोर गॉर्डन नावाचा गृहस्थ (मृत्यू १९१५) ज्या काठाने गळ टाकत फिरला, ज्याला अमेरिकेतले मासेवेडे लोक आपला आद्यपुरुष मानतात, तो काठ आता त्या पाण्याखाली आहे. कोयनेच्या किंवा उजनीच्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको. गंमत एवढीच की धरणाच्या तळातून सुटणारे पाणी बर्फासारखे गार असते, आणि ट्राऊट माशाला तेच मानवते. त्यामुळे धरणाखालच्या नदीत मासा वाढला. एकाचे घर गेले आणि दुसऱ्याची हौस भागली.

हौसच म्हणायची. कारण पुष्कळ ठिकाणी मासा धरून परत सोडून द्यायचा, असाच नियम आहे. गळाला गांडूळ नाही. पिसे आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी लावायची. (सह्याद्रीतल्या रानकोंबड्याच्या मानेच्या पिसांना या कामी पूर्वी भारी मोल होते. आता त्या पक्ष्याला कायद्याचे संरक्षण आहे.) "एवढा उपद्व्याप करून मासा सोडून द्यायचा?" मी पुतण्याला विचारले. तो म्हणाला, "काका, तुम्ही बैल शर्यतीत पळवता, तेव्हा पेरणी होते का?" मी गप्प बसलो.

आम्ही ज्यांच्याकडे गेलो ते गृहस्थ सत्तरीच्या पुढचे. गायी विकून त्यांना बरीच वर्षे झालेली. गोठ्याच्या खालच्या भागात त्यांनी हत्यारे मांडली होती आणि भिंतीला वेळूच्या बारा-बारा फुटी काठ्या टेकवून ठेवल्या होत्या. हिवाळ्यात बर्फ पडून बाहेरचे काम थांबले की ते इथे बसतात आणि गळाची एखादी-दुसरी काठी करतात. विकत नाहीत. नातवंडांना देतात, शेजाऱ्याच्या पोराला शिकवतात.

आता वाचकांना वाटेल, गळाची काठी ती काय करायची? वेळू तोडला, दोरी बांधली, झाले. ओढ्याच्या डोहात आपण सगळ्यांनी ते केलेले आहे. पण यांची काठी अखंड वेळूची नसते. वेळू उभा चिरून त्याच्या कांबी काढायच्या, प्रत्येक कांब तिकोनी तासायची, आणि अशा सहा कांबी एकमेकींना चिकटवून भरीव, षटकोनी काठी करायची. कारण वेळूची ताकद सालीलगत असते. तिथे धागे दाट, आत जावे तसे विरळ. सहा कांबी जोडल्या की साल सगळीकडून बाहेर राहते, आतला भुसभुशीत भाग तासून जातो, आणि काठी कुठल्याही बाजूला सारखी वाकते.

कांबी चिरताना कोयता त्यांनी धाग्याच्या कलाने जाऊ दिला. आपला बुरूड अगदी तस्सेच करतो. मग गाठी कानशीने घासायच्या, धगीवर धरून मऊ करायच्या आणि शेगड्यात दाबून सरळ करायच्या. सहा कांबी शेजारी ठेवताना एकीची गाठ दुसरीच्या गाठीशेजारी येऊ द्यायची नाही. गवंडी विटांचे सांधे मोडून भिंत चढवतो, तेच तत्त्व. नंतर भट्टीत काही मिनिटे भाजायच्या, म्हणजे ओल जाते आणि अंगात ताठरपणा येतो.

खरे काम रंध्याचे. पोलादाच्या दोन लांब पट्ट्या शेजारी शेजारी ठेवून मध्ये तिकोनी खाच केलेली असते. खाच एका टोकाला खोल, दुसऱ्या टोकाला उथळ, आणि दर पाच इंचांवरच्या स्क्रूंनी ती कमी-जास्त करता येते. कांब त्या खाचेत ठेवून वरून रंधा मारायचा, पालटायची, पुन्हा मारायचा. सालीच्या बाजूला मात्र रंधा लागू द्यायचा नाही. शेंड्याकडे कांब एक मिलिमीटरहूनही बारीक होते. मोजमाप इंचाच्या हजाराव्या भागाचे. एक काठी दोन तुकड्यांची, आणि शेंडा मोडतो म्हणून एक जादा. म्हणजे अठरा कांबी. रंध्याखालून केसासारखी भुगडी निघत होती आणि म्हातारबा ती बोटांत चुरून वास घेत होते. ताज्या सुपाला येतो, तोच वास.

सहाही कांबींना डिंक लावून, दोऱ्याने उलटसुलट आवळून, सरळ आहे का ते डोळ्याने पाहून सुकवतात. पूर्वी जनावरांच्या कातड्याचा सरस वापरत, आता रासायनिक डिंक मिळतात. पुढे मुठीला बुचाच्या चकत्या, दोन तुकडे जोडायला जर्मन सिल्व्हरचा नर-मादी सांधा, दोरी ओवायला तारेच्या कड्या. सांधा नीट जमला असेल तर काठी उघडताना बाटलीचे बूच निघाल्यासारखा आवाज होतो. म्हातारबांनी तो आम्हाला तीन वेळा ऐकवला.

कड्या बांधतात रेशमी दोऱ्याने, वेढ्याला वेढा लावून, गाठ न दिसेल अशा. त्यावर वार्निश. वार्निश लागले की पांढरे रेशीम काचेसारखे होते आणि खालचा वेळू दिसू लागतो. काही जण वार्निश उभ्या नळीत भरून काठी त्यात बुडवतात आणि मिनिटाला दोन-चार इंच इतक्या सावकाश वर ओढतात, म्हणजे ओघळ राहत नाही. एकूण चाळीस-पन्नास तासांचे काम. आठ फुटी काठीचे वजन भरते सव्वाशे ग्रॅमच्या आसपास.

आजकाल बहुतेक हौशी लोक एवढे करत नाहीत. कार्बनच्या धाग्यांची तयार नळी आणतात आणि मूठ, कड्या, दोरा एवढेच घरी करतात. दोऱ्यावर इपॉक्सीचा लेप देतात आणि तो आळेपर्यंत काठी छोट्या मोटरवर गरगर न फिरवता संथ फिरत ठेवतात. नाहीतर लेप एका अंगाला ओघळतो. तेही काम नेटकेच, पण त्यात वेळूची ओळख होत नाही.

वेळूच्या काठीची ही विद्या मध्यंतरी बुडायला आली होती. अमेरिकेत तिची सुरुवात १८४० नंतर झाली. पेनसिल्व्हेनियातल्या ईस्टनचा सॅम्युअल फिलिपी, बंदुका आणि व्हायोलिन करणारा कारागीर, त्याचे नाव आधी घेतात. मग हायरम लेनर्डने कांबी कापायचे यंत्र केले. १८८१ साली तो मेन राज्यातून या न्यूयॉर्कच्या मुलखात आला. ते यंत्र कुलपातल्या खोलीत असे आणि मोजक्याच माणसांना आत प्रवेश असे, असे सांगतात. पुढच्या कारागिरांनीही आपापली मापे झाकून ठेवली. मग १९५० साली कोरियाच्या लढाईपायी अमेरिकेने चीनशी व्यापार तोडला, चांगला वेळू येईना, काचेच्या धाग्याच्या स्वस्त काठ्या निघाल्या, आणि जुनी दुकाने बसली. एव्हरेट गॅरिसन हे पेशाने इंजिनिअर. हौसेने काठ्या करत. त्यांनी आपले एकूण एक माप आणि रीत होगी कारमायकेल या शिष्याला सांगून टाकली. गॅरिसन १९७५ साली वारले आणि १९७७ साली ते पुस्तक निघाले. म्हातारबांच्या फळीवर त्याची प्रत होती, पाने डिंकाने चिकटलेली. ज्यांनी कुणा कारागिराचा उंबरा कधी ओलांडला नव्हता, अशी माणसे त्या पुस्तकावरून शिकली. आपल्याकडे किती तरी वैद्य, सुतार, बुरूड आपले गुपित बरोबर घेऊन गेले, त्याची मला तिथे आठवण झाली.

आता वेळूविषयी. हल्ली सगळे वापरतात तो चीनच्या ग्वांगडाँग प्रांतातल्या हुआयजी भागातला. परदेशात त्याला टोंकिन म्हणतात. सरळ, लांब पेरांचा, गाठी बसक्या. तिथले शेतकरी तो वाळूने घासून नदीत धुतात, उन्हात वाळवतात, विस्तवावर सरळ करतात आणि निवडून प्रत लावून मोळ्या बांधतात. पण त्याआधी, म्हणजे १९०० पर्यंत आणि त्यानंतरही काही वर्षे, सर्वोत्तम काठ्या होत त्या आपल्या वेळूच्या! कलकत्ता बंदरातून जाई म्हणून नाव कलकत्ता केन. जाणकार त्याला आपल्या गडचिरोली-मेळघाटातल्या मानवेलाच्या जातीचा मानतात. म्हातारबांनी पेटीतून अशी एक जुनी काठी काढली. अंगावर भाजल्याचे तपकिरी डाग. तीच कलकत्त्याच्या वेळूची खूण. तो मागे का पडला? पेरे आखूड, डाग खोल, आणि मुख्य म्हणजे घुणाने पोखरलेला माल फार येई.

"तुमच्याकडे आता या वेळूचे काय करतात?" त्यांनी विचारले. मी सांगितले, शिडी, मांडव, पोलिसाची लाठी, टोपली, सूप, तिरडी. पुतण्याने भाषांतर केले. तिरडी शब्दापाशी तो अडला, मग हाताने दाखवले. म्हातारबांनी मान डोलावली आणि विचारले, "तोडतात कितव्या वर्षी?" याला मात्र सगळ्या गावांचे एक उत्तर नाही. गरज पडली की तोडतात, कोवळाही, निबरही, आणि नगावर विकतात.

त्यात आपल्या शेतकऱ्याचाच सगळा दोष नव्हे. १९२७ च्या वन कायद्याने वेळूला झाडात घातले होते. वास्तविक ती गवताची जात. स्वतःच्या बांधावरचा वेळू तोडून न्यायलाही परवान्याची कटकट होती. २०१७ साली कायदा बदलला आणि जंगलाबाहेरच्या जमिनीतला वेळू झाडाच्या व्याख्येतून सुटला. जो माल निवडून, वाळवून, प्रत लावून विकला जात नाही, त्याला लाकूडफाट्याचाच भाव येणार.

घरी मुलांसाठी साधी काठी करून पाहायची असेल तर सहा कांबींच्या भानगडीत पडू नये. बेटातला तीन वर्षे पुरी झालेला, अंगठ्याएवढा जाड, भरीव मानवेल पाहावा. कोवळ्यावर पापुद्रा असतो आणि बोटाने वाजवला तर बद्द वाजतो. जुनी माणसे अंधाऱ्या पंधरवड्यात तोडतात. काही नाही तरी पावसाळ्यात, कोंब फुटायच्या दिवसांत तोडू नये. तोडल्यावर दोन-तीन आठवडे वाहत्या पाण्यात दाबून ठेवला तर घुणाचे खाद्य निघून जाते. मग सावलीत आढ्याला टांगून खालच्या टोकाला दगड बांधावा, म्हणजे सरळ वाळतो. वाळला की वाकडी जागा धगीवर धरून गुडघ्यावर हळूच दाबावी. गाठी कानशीने घासाव्यात, तारेच्या चार-पाच कड्या शेंड्याकडे जवळ जवळ, बुडख्याकडे लांब लांब ठेवून रेशमी दोऱ्याने बांधाव्यात. वार्निशचे दोन पातळ हात द्यावेत. पहिला पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा देऊ नये, आणि त्या दोन दिवसांत घरात धान्य पाखडू नये.