गरम पाणी कुणाच्या वाट्याला?

थंडी सुरू झाली की सकाळी एक वाक्य घरोघरी हमखास ऐकू येतं, "गरम पाणी संपलं हो!" आणि ते कानावर येतं तेव्हा आंघोळीची राहिलेली असते ती बहुधा घरातली बाईच. डबे, चहा, सासऱ्यांचं औषध उरकून ती बाथरूममध्ये शिरते तोवर गीझर गार!

गेल्या हिवाळ्यात आमच्याकडे हे रोजचं झालं. "गीझर जुना झाला, आता 25 लिटरचा घेऊ," हे ह्यांचं मत. सासूबाईंचा रोख मुलीच्या केस धुण्यावर. मला मात्र संशय शॉवरचा. सोसायटीनं गच्चीवरच्या टाकीला प्रेशर पंप बसवला, तेव्हापासून शॉवर नुसता कोसळत होता. मी त्याखाली 15 लिटरची बादली ठेवली आणि घड्याळ पाहिलं. सव्वा मिनिटात भरली. म्हणजे मिनिटाला 12 लिटर!

आता हिशेब पाहा. गीझर 15 लिटरचा, पाणी तापतं 60 अंशांपर्यंत. नळाचं पाणी थंडीत 18 अंश धरलं, तर दोन्ही मिसळून अंगाला सोसेल असं 40 अंशांचं पाणी होतं साधारण 28 लिटर. बादलीनं दोघांच्या आंघोळी सहज व्हाव्यात. शॉवरनं अडीच मिनिटंसुद्धा नाहीत! त्यातून गरम पाणी निघेल तसं गार पाणी गीझरमध्ये शिरतंच, म्हणजे प्रत्यक्षात आणखी कमी. 2 किलोवॅटचा गीझर पुन्हा पुरता तापायला वीस-बावीस मिनिटं लागतात. सकाळच्या घाईत तेवढा वेळ कुणाला?

आजीच्या तांब्याच्या बंबाच्या वेळी कसं, बादलीत कढत पाणी, वर विसण, माप डोळ्यांसमोर. शॉवरखाली उभ्या असलेल्याला काही दिसतच नाही.

प्लंबरकडून मिनिटाला 6 लिटरचा शॉवर बसवून घेतला. मुलगा दोन दिवस कुरकुरला, "हा काय शॉवर, दवबिंदू!" पण तेवढंच पाणी दुप्पट वेळ पुरू लागलं. नवा शॉवर घ्यायचा नसेल तर शॉवरचा नळ अर्धाच उघडावा आणि बादली ठेवून पुन्हा मोजावं. बोअरच्या पाण्यानं भोकं बुजली असतील तर जाळी रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवावी, नाहीतर धार वेडीवाकडी येते आणि माणूस उगाच नळ वाढवतो.

नवा गीझर अजून आणलेला नाही. क्रम मात्र मी बदलून घेतला. माझी शाळा असते त्या दिवशी पहिली आंघोळ माझी. चहा ह्यांनी ठेवायचा.